मोटारीच्या इंजिनाचें फाउंडेशन : तें गेल्याचें ओळखावें कसें व बदलावें कसें

शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं बैलगाडी असे. आज तेथें ट्रॅक्टराच्या शेजारीं एखादी लहान मोटार, जीप किंवा मालवाहू पिकअप उभी दिसते. ट्रॅक्टराचें तेल केव्हां बदलावें, गाळणी केव्हां झटकावी, हें आतां बहुतेकांस कळूं लागलें आहे. परंतु मोटारीचा एक भाग असा आहे कीं, तो ट्रॅक्टरास बहुधा नसतोच, आणि त्यामुळें शेतकऱ्याचें लक्ष तिकडे जात नाहीं. हा भाग म्हणजे ज्यांवर मोटारीचें इंजिन टेकलेलें असतें त्या रबरी बैठका. कारखान्यांच्या पुस्तकांत त्यांस ‘इंजिन माउंटिंग’ असें नांव आहे. आपल्याकडील मिस्त्री व सुट्या भागांचे दुकानदार त्यांस ‘फाउंडेशन’ म्हणतात. दुकानांत हाच शब्द चालतो, म्हणून या लेखांतहि तोच ठेविला आहे.

ट्रॅक्टरास फाउंडेशन कां नसतें, हें प्रथम पाहूं. नेहमींच्या शेतकी ट्रॅक्टरांत इंजिन, क्लचची पेटी, गिअरबॉक्स व मागील आंस हे ओतीव भाग एकमेकांस थेट बोल्टांनीं जखडलेले असतात, आणि तेच मिळून ट्रॅक्टराचा कणा होतात. निराळा सांगाडा नाहीं, तेव्हां रबर घालावयास जागाहि नाहीं. हेन्री फोर्डच्या कारखान्यांतून १९१७ सालीं निघूं लागलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरामुळें ही बिनसांगाड्याची रचना जगभर पसरली. तींत इंजिनाचा थरकांप सरळ बसणाऱ्याच्या अंगापर्यंत येतो. दिवसभर असा ट्रॅक्टर हांकणारा मनुष्य संध्याकाळीं मोटारींत बसला म्हणजे तिचा वाढलेला हादरा त्यास हादरा वाटतच नाहीं. यंत्र म्हटलें कीं हादरावयाचेंच, असें तो धरून चालतो. फाउंडेशनाची जी हेळसांड होते तिचें मूळ माझ्या मतें येथें आहे.

मोटारींतील फाउंडेशनास तीन कामें एकदमच करावीं लागतात. इंजिनाचा भार तोलणें हें पहिलें व त्यांतल्या त्यांत सोपें. दुसरें, गाडी ओढतांना इंजिन स्वतःच उलट दिशेस पिळलें जाऊं पाहतें, तो पीळ आवरणें. तिसरें, इंजिनाचे धक्के गाडीच्या अंगास पोहोंचूं न देणें. चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनांत क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास दोन स्फोट होतात. गाडी उभी असतां इंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असेल, तर मिनिटास १,६०० म्हणजे सेकंदास सुमारें २७ धक्के झाले. तीन सिलिंडरांच्या इंजिनांत दर दोन फेऱ्यांस तीनच स्फोट. तेव्हां ९०० फेऱ्यांस मिनिटाला १,३५०, म्हणजे सेकंदास २२-२३ धक्के. धक्के जितके विरळ तितके ते रबरास गिळणें कठीण. त्यांत तीन सिलिंडरांच्या इंजिनाचीं दोन टोकें आळीपाळीनें वर-खालीं डोलूं पाहतात, तें वेगळेंच. म्हणून रबर इतकें मऊ हवें कीं धक्का पलीकडे जाऊं नये, आणि इतकें कणखर हवें कीं इंजिनानें जागा सोडूं नये. या दोन परस्परविरोधी मागण्यांमधली तडजोड म्हणजेच फाउंडेशन. तडजोड असल्यामुळेंच तें गाडीगणिक निराळें असतें, व एका गाडीचें दुसरीस चालत नाहीं.

जुन्या काळीं मोटारींचीं इंजिनेंहि सांगाड्यास घट्टच बसवीत. १९३१ सालीं अमेरिकेंतील क्रायसलर कंपनीनें आपल्या प्लिमथ मोटारींत ‘फ्लोटिंग पॉवर’ या नांवाची बैठक आणली. तींत इंजिनास पुढें वरच्या बाजूस एक व मागें खालच्या बाजूस एक असे दोन रबरी आधार दिले होते. त्या दोहोंस सांधणारी कल्पित रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यांतून जाई. त्यामुळें इंजिन आपल्याच आंसाभोंवतीं झोके घेई, आणि गाडी शांत राही. चार सिलिंडरांची ती स्वस्त मोटार मोठ्या मोटारींप्रमाणें मऊ चालूं लागली. १९३२ सालीं फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीनें ही युक्ति परवाना घेऊन उचलली, व त्या मोटारींवर पाण्यावर तरंगणाऱ्या हंसाचें चिन्ह लाविलें. आज सर्वच मोटारींत या ना त्या रूपानें रबरी बैठक असते. कित्येक नव्या गाड्यांत रबराच्या पोटांत द्रव भरलेला असतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचें यंत्रहि अशाच बैठकीवर बसवितात.

आपल्या गाडींत फाउंडेशनावर किती पीळ पडतो हें तिच्या रचनेवर अवलंबून आहे. जीपसारख्या, मागील चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाडींत शेवटची गतिघट मागील आंसांत होते, आणि तेथला उलटा पीळ मागील पाटे सोसतात. इंजिनाच्या बैठकीवर गिअरबॉक्सपर्यंतचाच पीळ येतो. लहान मोटारींत बहुधा इंजिन आडवें असतें, आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल त्यासच जोडून पुढील चाकांस जोर दिलेला असतो. इंजिनाचा पीळ पहिल्या गिअरमध्यें चाकांपर्यंत जातांना दहा-पंधरा पटींनीं वाढतो, आणि तो सगळा वाढलेला पीळ उलटून त्या तीन-चार रबरांवरच येतो. १९८३ पासून २०१४ पर्यंत निघालेली मारुति ८०० ही याच जातीची गाडी : तीन सिलिंडर, ७९६ घन सेंटिमीटर, आडवें इंजिन, जोर पुढील चाकांस. चिखलाच्या पाणंदींतून भरल्या गाडीनें पहिल्या गिअरमध्यें क्लच झटक्यानें सोडणें म्हणजे फाउंडेशनावर हातोडा मारणें होय. डांबरी सडकेवर जें रबर पुष्कळ वर्षें टिकतें, तेंच शेताच्या वाटेवर लौकर कां जातें, याचा उलगडा यांत आहे.

रबर मरतें तें पिळानें, उष्णतेनें, वयानें व तेलानें. फाउंडेशनांत बहुधा नैसर्गिक रबर वापरतात. सावंतवाडी-दोडामार्गाकडे ज्या झाडांच्या बागा आहेत त्यांच्याच चिकाचें. वारंवार ताणलें-दाबलें जाण्यास हें रबर फार चिवट. परंतु खनिज तेल व डिझेल यांचें त्यास वावडें. इंजिनाच्या सांध्यांतून तेल झिरपून फाउंडेशनावर ठिबकत राहिलें म्हणजे रबर फुगतें, मऊ पडतें, व लोखंडी पत्र्यापासून सुटूं लागतें. अशा गाडींत तेलाची गळती बंद न करितां नवें फाउंडेशन घालणें म्हणजे बांध फुटलेल्या शेतास खत घालण्यासारखें आहे.

आतां लक्षणें. इंजिन सुरू करतांना, आणि विशेषतः बंद करतांना, बॉनेटाखालीं धाड असा आवाज होतो. गाडी उभी असतां स्टिअरिंग, आसन व पायाखालचा पत्रा थरथरतो. वातानुकूलन सुरू केल्यास थरकांप वाढतो. गाडी हलतांना, अथवा ॲक्सिलरेटर एकदम दाबून सोडतांना, एक ठोका बसतो. गिअर अवघड पडूं लागतो, कांहीं गाड्यांत तर चढावर आपोआप निसटतो, कारण इंजिन सरकल्यामुळें गिअरच्या दांड्याचें माप बिघडलेलें असतें. सायलेन्सरचा पाइप कोठें तरी खालीं आपटूं लागतो.

परंतु या लक्षणांवरून लगेच निर्णय देऊं नये. माझी सारी नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली, आणि तेथें एक शिस्त अंगवळणीं पडली : स्थळपाहणी झाल्याखेरीज पंचनामा लिहावयाचा नाहीं. मोटारीच्या बाबतींत हा नियम मोडला म्हणजे काय होतें तें आमच्या गांवीं पाहावयास मिळालें. शेजारच्या डाळिंबवाल्या शेतकऱ्याची तीन सिलिंडरांची जुनी मोटार निघतांना गदगदां हाले. तालुक्याच्या ठिकाणीं एका गॅरेजांत ती नेली. तेथें बॉनेट न उघडतां, केवळ चालवून पाहून, क्लच गेल्याचें सांगितलें. क्लच-प्लेट, प्रेशर-प्लेट, बेअरिंग असा सारा संच बदलला. गाडी तशीच हालत राहिली. पुढें त्याच गॅरेजानें इंजिन खोलावें लागेल असें सांगितलें. तेव्हां तो गृहस्थ माझ्याकडे येऊन म्हणाला, “भाऊसाहेब, आतां ही मोडींतच घालावी म्हणतों.” दुसरा एक वयस्क मिस्त्री बोलाविला. त्यानें बॉनेट उघडून, विजेरी घेऊन, मागील बाजूच्या फाउंडेशनाकडे बोट दाखविलें. रबर मधोमध फाटून दोन तुकडे झाले होते. क्लच काढतां-घालतांना गिअरबॉक्स खालीं उतरावा लागतो, म्हणजे त्या पहिल्या कारागिराच्या हातांतून हेंच फाउंडेशन सुटून पुन्हां बसलें असलें पाहिजे. त्यानें तें फाटलेलेंच पुन्हां आवळलें. याचा मला अद्यापि राग येतो. क्लचाच्या खर्चाच्या मानानें त्या रबराची किंमत अगदींच थोडी होती.

हादऱ्याचें मूळ हुडकण्याची रीत अशी. गाडी उभी असतां हादरा आहे कीं फक्त चालतांना, हें आधीं पाहावें. उभ्या गाडींत मुळींच नाहीं, परंतु ठराविक वेगास येतो, आणि त्या वेगास गिअर न्यूट्रल केला तरी कायम राहतो, तर दोष चाकांत, टायरांत किंवा त्यांच्या तोलांत आहे. केवळ गाडी हलतांना, क्लच सुटत असतांनाच गदगदतो, एकदां हलल्यावर मुळींच नाहीं, तर क्लच अथवा फाउंडेशन, दोहोंपैकीं कांहींहि असूं शकेल; येथें प्रथम फाउंडेशन पाहावें, कारण तें पाहण्यास कांहीं उघडावें लागत नाहीं. वळतांना चाकाजवळ टक् टक् असा आवाज येत असेल तर तो आंसाच्या सांध्याचा. उभ्या गाडींत इंजिन लंगडें चालतें, जोर कमी वाटतो, सायलेन्सरमधून फट् फट् असा तुटक आवाज येतो, तर एखादें सिलिंडर पेटत नाहीं, मिस्त्री ज्यास ‘मिसिंग’ म्हणतो तें आहे. प्लग, कॉइल, इंधन यांचा तपास आधीं व्हावा. इंजिन एकसारखें, ताल न चुकतां चालतें, आणि तरी गाडीचें अंग थरथरतें, तर संशय फाउंडेशनाचाच.

मग डोळ्यांनीं पाहणी करावी. इंजिन थंड असूं द्यावें, विजेरी व लहान आरसा घ्यावा. आडव्या इंजिनास बहुधा तीन किंवा चार ठिकाणीं आधार असतो : दोहों टोकांस एकेक, आणि मागें किंवा पुढें खालच्या अंगास पीळ आवरणारा एक. हा शेवटचा खालीं दडलेला असल्यानें त्याकडे सर्वांत कमी लक्ष जातें. रबराच्या पृष्ठभागावर केसाएवढ्या बारीक रेषा असतील तर तें वयाचें लक्षण, तेवढ्यावरून बदलूं नये. परंतु भेग खोल गेली असेल, रबर लोखंडापासून सुटलें असेल, दबून एका बाजूस बसलें असेल, किंवा लोखंडावर लोखंड घांसून चकचकीत खूण उमटली असेल, तर तें गेलें. द्रव भरलेल्या जातींत रबराखालीं ओघळाचा काळा डाग दिसला, तर पोट फुटलें असें समजावें, मग वरून रबर कितीहि नवें दिसो.

डोळ्यांस उमगलें नाहीं तर भार देऊन पाहावें. गाडी मोकळ्या सपाट जागेंत उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांस दगड लावावे, बॉनेट उघडावें. गाडीच्या पुढें वा मागें कोणीहि उभें राहूं नये. पाहणारानें बाजूस राहावें, आणि धोतराचा सोगा, उपरणें, ओढणी पंख्यापासून दूर ठेवावी. जाणत्या चालकानें ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्यें क्लच हळूच, इंजिन किंचित् दबेल इतकाच सोडून लगेच दाबावा. नंतर हेंच मागील गिअरमध्यें करावें. पुढील चाकांच्या गाडींत पहिल्या गिअरला इंजिनाचा माथा मागें झुकतो, उलट्या गिअरला पुढें. एखाद्या बोटाच्या रुंदीएवढी हालचाल स्वाभाविक आहे. इंजिन उसळलें, किंवा लोखंडाचा ठोका ऐकूं आला, तर ज्या बाजूनें तें उचललें गेलें तिकडील फाउंडेशन सुटलेलें असतें. लांबीच्या बाजूनें बसविलेल्या इंजिनांत, जसें जीपमध्यें, ओढतांना चालकाच्या दृष्टीनें डावी बाजू वर उचलली जाते. म्हणून तेथें डावें फाउंडेशन आधीं तपासावें.

या डाव्या फाउंडेशनानें अमेरिकेंत एकदां मोठाच अनर्थ दाखविला. १९६५ ते १९६९ या सालांच्या शेव्हर्ले गाड्यांत तें फाटलें म्हणजे जोर देतांच इंजिन डावीकडून वर उचले. त्या ओढीनें ॲक्सिलरेटरचा दांडा उघडाच अडके, आणि ब्रेकास साहाय्य करणारी निर्वाताची नळीहि निसटूं शके. म्हणजे गाडी धांवूं लागावी, आणि ब्रेक जड व्हावा, दोन्ही एकाच क्षणीं. डिसेंबर १९७१ मध्यें जनरल मोटर्स कंपनीस सुमारें ६७ लाख गाड्या परत बोलावून, इंजिन उचललें जाऊं नये म्हणून अडसर बसवून द्यावा लागला. आजच्या गाड्यांची रचना निराळी आहे, आणि नेमकें असेंच घडण्याचा संभव पुष्कळ कमी. तरीहि फाटक्या फाउंडेशनावर गाडी तशीच हांकीत राहिल्यास डोलणारें इंजिन पाण्याच्या नळ्या ओढतें, तारा तोडतें, सायलेन्सरचा लवचिक तुकडा फाडतें, आंसांचे सांधे खातें. शिवाय एक फाउंडेशन गेलें कीं त्याचा भार इतरांवर पडतो, व तींहि पाठोपाठ जातात.

बदलण्याचें काम हाताखालीं चांगले पाने, मजबूत जॅक व कंपनीची पुस्तिका असेल तर शेतकऱ्यास स्वतः करतां येण्यासारखें आहे. नसेल तर मिस्त्र्याकडून करवावें. परंतु समोर उभें राहून करवावें. बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी. गाडीखालीं शिरणें असेल तर ती केवळ जॅकवर कधींहि ठेवूं नये. लोखंडी घोड्या लावाव्या. विटा व दगड रचून गाडी तोलणारांचे प्राण गेलेले आहेत. इंजिनाचा भार दुसऱ्या जॅकनें, मध्यें जाड लांकडी ठोकळा घालून, खालून घ्यावा. तेलाच्या चेंबरचा पत्रा पातळ असतो, त्यावर जॅकचें टोक थेट टेकविल्यास तो चेपतो किंवा फुटतो. ठोकळा रुंद हवा, आणि जमल्यास गिअरबॉक्सच्या ओतीव अंगाखालीं लावावा. जॅक इतकाच चढवावा कीं फाउंडेशनावरचा भार उतरेल. इंजिन उचलावयाचें नाहीं, फक्त तोलावयाचें आहे. चढवितांना रबराचे दोन भाग एकमेकांपासून सुटून फट पडूं लागली, तर निदानाविषयीं उरलेला संशयहि फिटतो.

एका वेळीं एकच फाउंडेशन सोडावें. सर्वांचे बोल्ट एकदम ढिले केले तर इंजिन जागा सोडतें, आणि मग भोंकें जुळवितांना घाम निघतो. कोणता बोल्ट कोठला याची खूण ठेवावी, कारण लांबी सारखी दिसली तरी नसते. जुनें व नवें शेजारीं ठेवून भोंकें, उंची व बाणाची खूण ताडून पाहावी. नवें बसवितांना सारे बोल्ट आधीं हातानें फिरवून आटे धरवावे. ॲल्युमिनियमच्या अंगांत वांकडा बोल्ट पान्यानें रेटला तर आटे जातात, व पंधरा मिनिटांचें काम लेथवाल्याकडे जातें. आणि येथें ती गोष्ट, जी घाईंत बहुतेक चुकते : बोल्ट पुरते आवळण्यापूर्वीं जॅक उतरवून इंजिनाचा भार रबरावर येऊं द्यावा, इंजिनास हातानें थोडें हालवून आपली जागा घेऊं द्यावी, आणि मग पुस्तिकेंत दिलेल्या मापानें टॉर्क-पान्यानें आवळावें. इंजिन उचललेलें असतांनाच आवळलें तर रबर जन्मतःच पिळलेलें राहतें. थरकांप जात नाहीं, आणि तें लौकर फाटतें. मग दोष मालास दिला जातो.

मालाविषयीं. बाजारांत कंपनीचें, दुसऱ्या चांगल्या कारखान्याचें, आणि नांवगांव नसलेलें असें तीन प्रकारचें फाउंडेशन मिळतें. तिसऱ्याचें रबर पुष्कळदां फाजील कठीण असतें, आणि तें घातल्यावर थरकांप उलट वाढतो. गाडीचें वर्ष, इंजिनाचा प्रकार व भागाचा क्रमांक सांगूनच माल घ्यावा. खेड्यांतील कांहीं कारागीर फाटक्या फाउंडेशनांत जुन्या टायरचे तुकडे कोंबतात, किंवा लोखंडी पट्टी वेल्डिंग करून तें कायमचें जाम करतात. आडवाटेवर गाडी घरापर्यंत आणण्यापुरता टायरचा तुकडा क्षम्य आहे. वेल्डिंग मात्र मुळींच करूं देऊं नये. रबर जें सोसत होतें तें मग कंस व गाडीचा पत्रा यांस सोसावें लागतें, आणि ते तडकतात.

बसवून झाल्यावर गाडी उभी ठेवून, आणि मग पहिल्या व उलट्या गिअरमध्यें आलटून-पालटून थोडी हालवून, ठोका येतो का पाहावें. सायलेन्सर कोठें घांसतो का, नळ्या ताणल्या आहेत का, हेंहि पाहावें. नव्या रबराचा थोडा थरकांप पहिले कांहीं दिवस जाणवला तर घाबरूं नये. पहिल्या पंधरवड्यानंतर बोल्ट एकदां तपासून घ्यावे, व जुनें फाउंडेशन मिस्त्र्याकडून मागून घरीं आणावें. तेलानें फुगलेलें निघालें तर गळती कोठली तें हुडकावें, आणि कोरडें, सरळ फाटलेलें निघालें तर गाडी हांकणाऱ्या मुलास जवळ बोलावून त्यास तें दाखवावें.